१-०-१ म्हणजे पाच नव्हे!

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी मला दुसरी भाषा म्हणून होती आणि त्यात मी काठावर पास होत असे. अजूनही कुणी 'एकोणसाठ' म्हटलं की मी मनातल्या मनात 'फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन' असा हिशोब करते. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. तरीही हा लेख इंग्रजी विभागात न देता इथे दिला, कारण माझी आजी आपलं हे मॅगझिन पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते. इंग्रजी पानं मात्र ती नुसते फोटो बघून उलटते. आणि हा लेख तिने वाचायला हवा, कारण तो तिच्यामुळेच लिहिला गेलाय.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. पीएल लागली म्हणून मी पुण्याहून नाशिकला घरी गेले होते. आई-बाबा दोन दिवस जळगावला लग्नाला गेले आणि आजीची 'ड्यूटी' माझ्याकडे आली. आजी ७८ वर्षांची. तिला बी.पी. आहे, शिवाय मधूनमधून छातीत धडधडायचं, त्याच्या गोळ्या चालू आहेत. आईने निघताना औषधांचा डबा उघडून दाखवला, "हे बघ, सकाळी नाश्त्यानंतर ही मोठी पांढरी आणि ही छोटी. रात्री ती पिवळी. लक्षात राहील ना?" मी म्हटलं, "आई, मी इंजिनिअरिंगला आहे, तीन गोळ्या लक्षात राहतील!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचा घसा धरला होता. म्हणाली, "अगं, ही मोठी गोळी आज घशाखाली उतरत नाही बघ. कुटून दे मधातून." लहानपणी आम्हाला ताप आला की ती हेच करायची. पितळी खलबत्त्यात गोळी कुटायची, चमच्यात मध, आणि वर "एक घोट, झालं!" मी तोच खलबत्ता काढला, दोन्ही गोळ्या मस्त बारीक केल्या, मधात कालवल्या आणि आजीला चाटण दिलं. आजी म्हणाली, "शिकलीस हो!" मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू.

दीड-दोन तासांनी ती देवघरातून उठायला गेली आणि उठता उठता खालीच बसली. कपाळावर घाम, हात गार, आणि बोलते आहे ते तोंडातल्या तोंडात. शेजारचे काका त्यांचं बी.पी.चं मशीन घेऊन धावत आले. वरचा आकडा ८४, खालचा ५०, आणि नाडी ४२. काकांनी दोनदा मोजलं, त्यांना वाटलं मशीनची बॅटरी गेली असेल. मशीन चांगलं होतं. त्यांनीच गाडी काढली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी काय काय घेतलं त्यांनी?" मी सगळं सांगितलं, खलबत्त्यासकट. त्यांनी मान वर केली. "कुटून दिलीस? पाकीट आणलंयस का?" पाकीट काकांनी आठवणीने खिशात टाकलं होतं. डॉक्टरांनी ते उलटं करून माझ्यासमोर धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मेटोप्रोलॉल सक्सिनेट, एक्सटेंडेड रिलीज. "ही गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते. तू कुटलीस, म्हणजे चोवीस तासांचं औषध एकदम दिलंस."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. 'एक्सटेंडेड रिलीज' हे दोन शब्द इंग्रजीत होते, आणि घरात सगळ्यात चांगलं इंग्रजी वाचता येणारी मीच! आजीला निदान वाचता येत नव्हतं. मला येत होतं आणि मी वाचलं नव्हतं.

आजी एक रात्र आयसीयूत होती. सकाळपर्यंत नाडी सुधारली आणि तिसऱ्या दिवशी ती घरी आली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने "अशक्तपणा आला होता" एवढंच सांगितलं, खलबत्त्याचं नाव एकदाही काढलं नाही. आता मी काढते आहे.

त्या रात्री मी आयसीयूबाहेरच्या बाकावर बसले होते. नाइट ड्यूटीच्या सिस्टर मधेच बाहेर आल्या, मला रडताना बघून शेजारी टेकल्या. म्हणाल्या, "आम्हाला नर्सिंगच्या पहिल्याच वर्षाला पाच गोष्टी पाठ करायला लावतात. बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर डोस, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. तुझं एक सोडून बाकी सगळं बरोबर होतं की." मी विचारलं, कुठलं एक? तर म्हणाल्या, "पेशंट बरोबर, औषध बरोबर. डोस चिठ्ठीत बरोबर होता, पोटात गेल्यावर चुकला." हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कागदावर बरोबर असलेला डोस पोटात कसा चुकतो? पीएलमध्ये मी कंट्रोल सिस्टिम्सऐवजी हेच वाचत बसले. (निकालावरून ते कळतंच!)

गोळीच्या आतलं इंजिनिअरिंग

आपल्याला वाटतं गोळी म्हणजे औषधाची पूड दाबून केलेली चकती. साधी गोळी असते तशी. पोटात गेली, फुटली, विरघळली, आतड्यातून रक्तात गेली. इन्स्ट्रूच्या मुलांना सांगायचं तर सिस्टिमला इम्पल्स दिला. रक्तातलं प्रमाण झटकन वर जातं आणि मग उतरत जातं.

उतरतं कसं, तर बहुतेक औषधांचं अगदी आपल्या आर-सी सर्किटसारखं. कपॅसिटर डिस्चार्ज होतो तसं. याला हाफ-लाइफ म्हणतात, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ. पॅरासिटामॉलचा हा वेळ साधारण दोन-तीन तास, तर बी.पी.च्या अ‍ॅम्लोडिपिनचा ३० ते ५० तास. म्हणून पहिली गोळी दिवसातून तीन-चार वेळा घ्यावी लागते आणि दुसरी एकदाच पुरते. समजा एका गोळीने १०० एवढं प्रमाण होतं आणि प्रत्येक हाफ-लाइफला एक गोळी घेतली. दुसऱ्या गोळीनंतर १५०, तिसरीनंतर १७५, मग १८७.५, असं करत ते २०० च्या जवळ जाऊन थांबतं. एम-वनमधली जॉमेट्रिक सिरीज! चार-पाच हाफ-लाइफनंतर ही पातळी जवळजवळ स्थिर होते. बी.पी.ची गोळी चालू केल्यावर "चार दिवस झाले, काही फरक नाही" म्हणून जी मंडळी गोळी सोडतात, त्यांची सिस्टिम अजून सेटल झालेलीच नसते.

आता मेटोप्रोलॉलची गंमत. (गंमत कसली म्हणा.) याचा हाफ-लाइफ तीन ते सात तास, म्हणजे लहान. साधी गोळी दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते आणि मधे प्रमाण वरखाली होत राहतं. हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या औषधाचं असं वरखाली होणं बरं नाही. म्हणून एक्सटेंडेड रिलीज गोळी बनवली. तिच्यात पूर्ण दिवसाचं औषध असतं, पण ते अडवून धरलेलं असतं. काही गोळ्यांत शेकडो बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्याला स्वतःचं वेष्टण असतं. ते वेष्टण औषध थेंबथेंब बाहेर सोडतं. म्हणजे इनपुट इम्पल्स न राहता जवळजवळ स्टेप होतो. अशा गोळीवर मधोमध खाच असेल तर डॉक्टरांना विचारून ती अर्धी करता येते, कारण दाणे शाबूत राहतात. कुटता किंवा चावता मात्र येत नाही. मी खलबत्त्यात गोळी नव्हे, अख्खा कंट्रोलर कुटला होता.

अशा गोळ्या ओळखायच्या कशा? नावामागची अक्षरं बघायची. एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, एमआर, रिटार्ड असं काही शेपूट असेल तर ती गोळी साधी नाही असं समजायचं. डायबेटिसच्या मेटफॉर्मिनला हे शेपूट फार वेळा असतं. आपल्या घरांतून शोधलं तर निम्म्या डब्यांत तरी एखादी सापडेल असं मला वाटतं. पण शेपूट नाही म्हणजे कुटायला मोकळे, असंही नाही.

कारण दुसरा एक प्रकार असतो, एन्टेरिक कोटेड. याचं वेष्टण पोटातल्या आम्लात विरघळत नाही, पुढे आतड्यात गेल्यावर विरघळतं. पँटोप्राझोल आम्लात खराब होतं, म्हणून त्याला असं जाकीट. डायक्लोफिनॅकमुळे पोटाच्या अस्तराला त्रास होतो, म्हणून तिथे जाकीट उलट कारणासाठी: एकीकडे पोटापासून औषध वाचवायचं, दुसरीकडे औषधापासून पोट. कुटलं की दोन्ही गेलं.

मग गोळी गिळता येत नसेल तर काय करायचं? डॉक्टरांना नाहीतर मेडिकलवाल्यांना एक फोन. एवढंच. बऱ्याच औषधांचं सिरप असतं, पाण्यात विरघळणारी गोळी असते, कधी वेगळ्या औषधावरही भागतं. माझ्या हातात मोबाइल होता, त्यावर मी खलबत्त्याचा फोटो काढून आईला पाठवला होता!

मार्ग बदलला की हिशोब बदलतो

तोंडाने घेतलेलं औषध आतड्यातून थेट सगळ्या शरीरात जात नाही, आधी यकृतात जातं. यकृत म्हणजे पूर्वीचा जकात नाका. प्रत्येक ट्रक थांबवणार आणि आपला वाटा काढून घेणार. काही औषधांचा तर बहुतेक माल तिथेच संपतो. म्हणून छातीत कळ आली की हृदयाच्या पेशंटला सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला सांगतात. जिभेखालच्या शिरांतून औषध नाका चुकवून थेट रक्तात जातं आणि काही मिनिटांत काम करतं. तीच गोळी घाईत पाण्याबरोबर गिळली तर वेळही जातो आणि मालही. ती बसून घ्यायची असते, कारण बी.पी. उतरतं आणि उभा माणूस पडू शकतो. आणि हो, ज्याला डॉक्टरांनी दिली आहे त्यानेच. छातीत दुखणाऱ्या कुणालाही ती द्या असे मेसेज फिरतात, त्यांना फॉरवर्ड नको, डिलीट करा.

दम्याच्या पंपाचंही तसंच. घरोघरी अजून "पंपाची सवय लागते, गोळी बरी" असं म्हणतात. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याचीच गोळी असते ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीसपट. पंप औषध थेट फुप्फुसात टाकतो म्हणून चिमूटभरात भागतं, गोळी आख्ख्या शरीराला वाटत वाटत फुप्फुसापर्यंत पोचते आणि वाटेत हात थरथरवते, छाती धडधडवते. आता सांगा, कोण सौम्य?

पातळ औषधांकडे मात्र आपण उगीच 'लहान मुलांचं, गोड, निरुपद्रवी' म्हणून बघतो. पॅरासिटामॉलच्या लहान मुलांच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असतं, म्हणजे मिलिलिटरला २४. त्याच औषधाच्या तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये मिलिलिटरला १००! बाळ लहान, म्हणून औषध कमी थेंबांत बसवायचं असतं. सिरपचं माप ड्रॉप्सला लावलं तर चौपट डोस. त्यात आपला 'एक चमचा'. मी हॉस्टेलवर मैत्रिणींचे सात चमचे गोळा केले आणि केमिस्ट्री लॅबमधल्या मेजरिंग सिलिंडरमध्ये मोजले. औषधाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर. आमच्यातला सगळ्यात छोटा भरला साडेतीन, सगळ्यात मोठा साडेसात. बाटलीबरोबर येणारं प्लॅस्टिकचं टोपण किंवा सिरिंज शो-पीस नाही. आणि ज्या बाटलीवर 'हलवा' लिहिलंय ती खरंच हलवा, नाहीतर औषध तळाशी राहतं, सुरुवातीला नुसतं गोड पाणी आणि शेवटी सगळा डोस.

पातळ औषधाचा आणखी एक प्रश्न म्हणजे ते कशात तरी विरघळवावं लागतं. मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये १९८६ मध्ये १४ पेशंट दगावले, कारण त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. अमेरिकेत १९३७ मध्ये हेच रसायन एका औषधाच्या 'एलिक्झिर'मध्ये वापरलं गेलं आणि शंभराहून जास्त माणसं गेली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमुळे लहान मुलं दगावली, तेव्हाही तेच रसायन. यावर आपण घरी बसून काही करू शकत नाही. फक्त लहान मुलाच्या साध्या सर्दी-खोकल्याला स्वतःच्या मनाने सिरप पाजणं थांबवू शकतो.

चिठ्ठी वाचायला शिका

आता शीर्षकाकडे येते. १-०-१ हे मी पहिल्यांदा चिठ्ठीवर पाहिलं तेव्हा फर्स्ट इयरला होते आणि डिजिटल डोक्यात भिनलं होतं. मी आईला म्हटलं, "बायनरीत हे पाच झाले." आईने माझ्याकडे बघितलं ते बघण्यासारखं होतं. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आपल्याकडे ही पद्धत फार सोयीची आहे, कारण ती कुणालाही समजते. खरी गडबड लॅटिनची. ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी.डी. दोनदा, टी.डी.एस. तीनदा. ए.सी. म्हणजे जेवणाआधी आणि पी.सी. म्हणजे जेवणानंतर (कॉम्प्युटर नव्हे). एस.ओ.एस. म्हणजे जहाज बुडतंय असं नाही, 'लागलं तरच घ्या' एवढाच अर्थ. एच.एस. म्हणजे झोपताना, पण ते 'हाफ स्ट्रेंथ' असंही वाचलं गेलंय. ओ.डी.चे तर दोन अर्थ, काही ठिकाणी तो उजवा डोळा! पाठ करायची गरज नाही, डॉक्टरांसमोरून उठण्याआधी विचारायची गरज आहे.

अक्षराबद्दल विनोद सगळेच करतात. औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा नियम मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये केला. तो का करावा लागला, त्याचं उदाहरण बाहेरचं आहे पण चपखल आहे. अमेरिकेत अ‍ॅसिडिटीचं एक औषध 'लोसेक' नावाने आलं. लघवी वाढवणारं 'लेसिक्स' तिथे आधीपासून होतं. हाताने लिहिलेली दोन्ही नावं सारखीच दिसायची आणि एकाच्या जागी दुसरं दिलं जायचं. शेवटी १९९० मध्ये लोसेकचं नाव बदलून 'प्रायलोसेक' करावं लागलं. आकड्यांचं तर विचारूच नका. ५.० मधला टिंब पुसट झाला की ५० होतात. नुसतं .५ लिहिलं तर ५ वाचलं जातं. म्हणून ५ लिहायचं किंवा ०.५ लिहायचं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये सर याच कारणावरून माझे मार्क कापायचे तेव्हा मला तो छळ वाटायचा. मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम झालं तर फरक हजारपट. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्येच असते.

इन्सुलिनचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ते घराघरात आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, मिलिलिटरला ४० युनिट आणि मिलिलिटरला १०० युनिट. सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० वाल्या इन्सुलिनसाठी आणि नारिंगी टोपणाची १०० वाल्यासाठी. समजा २० युनिट घ्यायचे आहेत. लाल सिरिंजवर २० ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. त्यात चुकून १०० वालं इन्सुलिन भरलं तर गेले ५० युनिट, अडीचपट, आणि साखर धोकादायक उतरणार. उलटं केलं तर २० ऐवजी ८ च. आकडा दोन्ही वेळा २० दिसतो! टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा जुळवून बघायला पाच सेकंद लागतात.

आणखी एक, मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी देतात तेव्हा ही गोळी बहुतेक आठवड्यातून एकदा घ्यायची असते. सवयीने रोज घेतली आणि जिवावर बेतलं, असं जगभर झालेलं आहे. तुमच्या घरी कुणाला असेल तर चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून घ्या.

पाकिटावरही बरंच काही वाचण्यासारखं असतं. 'आरएक्स' आणि लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं औषध. लाल चौकटीतली सूचना आणि लाल आरएक्स असेल तर ते शेड्यूल एच-वन. यात बरीच अँटिबायोटिक्स येतात, आणि २०१४ पासून दुकानदाराला त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते. खपाच्या ३०० ब्रँडवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड असावा लागतो, स्कॅन केला की औषधाचं नाव, बॅच, एक्सपायरी दिसते. एक्सपायरीचा महिना छापला असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. पण आपल्या मेडिकलमध्ये चार गोळ्या मागितल्या की काका कात्रीने पाकीट कापतात, आणि एक्सपायरी नेमकी उरलेल्या तुकड्यावर राहते. "काका, तारखेचा तुकडा मला द्या" म्हणायला लाजू नका. मी म्हणते. आता ते न सांगता देतात.

हॉस्टेलवाल्यांनो, तुमच्यासाठी

आमच्या मजल्यावर एक मैत्रीण आहे, तिची बॅग म्हणजे फिरतं मेडिकल. सर्दी झाली की एक सर्दीची गोळी, ताप वाटला की एक क्रोसिन. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, वरून क्रोसिन म्हणजे पुन्हा तेच. मोठ्या माणसाची चोवीस तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे, आणि ती दोन-तीन नावांनी घेतलेल्या एकाच औषधाने कधी ओलांडली ते कळत नाही. यकृताला मात्र कळतं. म्हणून ब्रँडचं मोठं नाव सोडा, खालचं बारीक नाव वाचा.

उरलेलं अँटिबायोटिक रूममेटला देणं हा आपला राष्ट्रीय खेळ आहे. त्याबद्दल इतकं बोललं गेलंय की मी थांबते. पण डॉक्सिसायक्लिन ऐका, कारण पिंपल्ससाठी बऱ्याच जणी घेतात. ही कॅप्सूल रात्री अंथरुणात पडल्या पडल्या अर्ध्या घोटात घेतली तर अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करते. मोठा ग्लासभर पाणी, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर घेऊ नका, दुधातलं कॅल्शियम त्याला बांधून ठेवतं. लोहाच्या गोळीचं आणि चहाचं तसंच वैर. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घ्यायचे नाहीत. ती सबमिशन नव्हे, की मागचं-पुढचं एकदम करून टाकलं.

घरी आता आमच्याकडे फ्रीजवर एक कागद आहे. बाबांनी त्यावर गोळ्यांची नावं मराठीत मोठ्या अक्षरात लिहिली आहेत. नाव, कशासाठी, किती मिलिग्रॅम, किती वाजता, आणि शेवटच्या रकान्यात 'कुटायची नाही'. 'मोठी पांढरी' आणि 'छोटी' हे शब्द घरात बंद झाले, कारण कंपनी बदलली की रंग आणि आकार बदलतो. आई म्हणते, "चूक माझीही होती, मीच तुला रंगावरून दाखवलं." मला तसं वाटत नाही, पण या विषयावर आमचं अजून एकमत नाही.

मागच्या महिन्यात मी आजीबरोबर मेडिकलमध्ये गेले होते. काकांनी नेहमीची कंपनी नाही म्हणून दुसरं पाकीट पुढे केलं. मी हात पुढे करायच्या आत आजीने ते घेतलं, चष्मा नाकावर सारला, पाकीट उलटंसुलटं केलं आणि काकांना विचारलं, "यावर ते एक्सएल का काय, ते लिहिलंय का हो? आमच्या नातीला वाचता येतं, पण ती वाचत नाही."